किडा आधी, रंग मग

उजव्या हाताच्या तर्जनीवर एक किडा आहे. तो मनगटाकडे सरकतो, तिथून कोपराकडे. तेवढ्यात दुसरा किडा मानेवर उतरतो आणि पाठीवरून खाली जाऊ लागतो. तिसरा मांडीच्या आतल्या बाजूने वर चढतोय. चौथा खांद्यावरून छातीवर आलाय. पाचवा नेमका कुठे आहे ते कळेपर्यंत दहा झालेले असतात, मग शंभर, मग मोजणंच सुटतं. ते कातडीच्या रंध्रांतून आत शिरतात, आतलं सगळं खाऊन टाकतात. जे पोकळ शरीर उरतं त्याने आता खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालायचं.

बुतो हा जपानी नृत्यप्रकार शिकायला गेलेल्यांपैकी बहुतेकांना पहिल्या काही तालमींतच हे किडे भेटतात. तात्सुमी हिजिकाता या नर्तकाने हा सराव घडवला, त्याच्या शिष्यांनी तो देशोदेशी नेला आणि आज टोकियोपासून युरोप-अमेरिकेतल्या विद्यापीठांपर्यंत नाटक करणारी मुलंमुली तो करून बघतात. नृत्याचं शिक्षण नसलेल्यालाही तो करता येतो. गाणं लागत नाही, ताल लागत नाही, आरसा तर नकोच.

नाटकातल्या मुलांचं पहिल्यांदा काय होतं ते सांगण्यासारखं आहे. ती खाज दाखवतात. चेहरे आक्रसतात, खांदे उडतात, कुणी किंचाळतं. अभिनयाची सवय लागलेलं शरीर लगेच समोरच्याला सांगू लागतं की बघा, माझ्या अंगावर किडा आहे. शिकवणारा तिथेच थांबवतो. किड्याविषयी कुणाला काही कळवायचं नसतं. किड्यामुळे हात हलतो, एवढंच घडू द्यायचं असतं. एकच किडा असेपर्यंत हे ठरवून करता येतं. आठ-दहा किडे एकाच वेळी वेगवेगळ्या दिशांनी निघाले की मन प्रत्येकाच्या मागे धावू शकत नाही. बोटं एका कारणाने हलतात, मान दुसऱ्या, गुडघा तिसऱ्याच. कुणीही न ठरवलेलं असं काहीतरी शरीरात सुरू होतं आणि बघणाऱ्याला ते तत्काळ जाणवतं.

बाहेर बुतोची ओळख वेगळी आहे. पांढऱ्या रंगाने माखलेले, मुंडण केलेले, जवळजवळ उघडे देह; आकडलेली बोटं; वर फिरलेले डोळे; अतिशय संथ हालचाल. छायाचित्रांतून हेच पोचलं. त्यामुळे बुतो करायचं ठरवलेले विद्यार्थी गट पुष्कळदा इथूनच सुरुवात करतात: पांढरा रंग आणायचा, हळू चालायचं, तोंड वासायचं. ही सुरुवात मला उलटी वाटते. त्या रूपामागे शब्दांतून शरीर घडवण्याची एक काटेकोर पद्धत आहे. ती पद्धत बऱ्याच अंशी तरुण, नाटकवेड्या आणि नृत्य न शिकलेल्या मुलांबरोबरच तयार झाली. विद्यार्थी नाट्यगटाला बुतोतून घेण्यासारखं जे आहे ते त्या पद्धतीत आहे, रंगाच्या डब्यात नाही.

२४ मे १९५९ रोजी टोकियोतल्या दाइइची सेइमेइ सभागृहात जपानच्या नृत्यसंघटनेने नवोदितांचा कार्यक्रम ठेवला होता. त्यात एकतीस वर्षांच्या हिजिकाताने ‘किनजिकी’ नावाचं छोटं नृत्य सादर केलं. नाव युकिओ मिशिमाच्या समलिंगी प्रेमाविषयीच्या कादंबरीवरून घेतलेलं. रंगमंचावर दोघेच, हिजिकाता आणि विशीतला योशितो ओनो. त्या तरुणाच्या हाती एक जिवंत कोंबडी येते, तो ती मांड्यांमध्ये दाबतो. मग अंधार होतो आणि त्या अंधारात धावत्या पावलांचे, श्वासांचे आवाज येत राहतात. संघटनेत खळबळ उडाली आणि हिजिकाता तिच्यातून बाहेर पडला. मिशिमा मात्र त्याचा चाहता झाला, त्याच्या बाजूने लिहीत राहिला. जिवंत प्राण्याचा असा वापर मला मान्य नाही आणि आजच्या कुठल्याही गटाने तो करू नये. पण त्या संध्येने जपानी नृत्यात एक फट पाडली हे खरं. सुंदर दिसणं, संगीतावर चालणं, कथा सांगणं या तिन्ही गोष्टी बाजूला ठेवूनही रंगमंचावर शरीर उभं राहू शकतं, हे तिथे दिसलं.

हिजिकाता मूळचा आकिताचा. ईशान्य जपानचा हा भाग बर्फाचा, भातशेतीचा आणि त्या काळी गरिबीचा. तिथल्या बालपणाविषयी तो एक गोष्ट सांगे. शेतीच्या घाईच्या दिवसांत आईबाप चिखलात काम करत आणि तान्ह्या मुलांना पेंढ्याच्या टोपलीत घट्ट बसवून बांधावर ठेवलं जाई. मूल रडे, वारा तो आवाज उडवून नेई, कुणी येत नसे. संध्याकाळी बाहेर काढलं तरी दुमडलेले पाय सरळ होत नसत. हिजिकाताने आपल्या आयुष्याविषयी बरंच काही रचूनही सांगितलं आहे, त्यामुळे त्याचा प्रत्येक तपशील इतिहास म्हणून घेता येत नाही. पण टोपलीतून काढलेलं ते शरीर त्याच्या नृत्यात नक्की आहे. बॅले जमिनीपासून सुटून वर जाऊ बघतो. हिजिकाताचं शरीर खाली बसतं, गुडघे वाकतात, पाय बाहेरच्या कडांवर तोललेले राहतात, पाठ गोल होते. जो देह थकलेला, म्हातारा, आजारी, थंडीने आखडलेला आहे त्याच्याकडे तो नृत्याचं मूळ म्हणून बघत होता. आपल्या मेलेल्या बहिणीला मी माझ्या शरीरात राहायला जागा दिली आहे, आणि मी नाचतो तेव्हा ती उठते, अशा आशयाचं तो बोलत असे. छायाचित्रकार एइको होसोएने त्याला आकितातल्या ताशिरो या खेड्यात नेऊन, शेतात पळताना, मुलांत बसलेला असताना टिपलं. ‘कामाइताची’ या नावाने ती छायाचित्रं १९६९ मध्ये पुस्तकरूपात आली. बुतो समजून घ्यायचं असेल तर रंगमंचावरच्या छायाचित्रांपेक्षा ही आधी बघावीत.

आता विद्यार्थ्यांकडे येतो, कारण इथे इतिहासात त्यांची जागा खरोखरच मोठी आहे.

१९६० साली अमेरिकेबरोबरच्या सुरक्षा कराराविरुद्ध जपानभर प्रचंड आंदोलन झालं आणि त्यात विद्यार्थी पुढे होते. करार तरीही झाला. त्या पराभवातून बाहेर पडलेल्या पिढीला पाश्चात्त्य धर्तीचं, संवादांवर उभं असलेलं वास्तववादी नाटक पुरेनासं झालं. जूरो कारा हा मेइजी विद्यापीठाच्या विद्यार्थी रंगभूमीतून आलेला नाटककार. त्याने १९६३ मध्ये स्वतःची मंडळी काढली आणि १९६७ मध्ये शिंजुकूतल्या हानाझोनो देवळाच्या आवारात लाल तंबू ठोकून नाटक केलं. कारा हिजिकाताच्या सहवासात आला आणि अभिनेत्याचं शरीर हाच नाटकाचा गाभा, हा विचार त्याच्या लिखाणात पक्का झाला. त्याच्या मंडळीतला बिनीचा नट आकाजी मारो हा वासेदा विद्यापीठ अर्धवट सोडून आलेला. तोही हिजिकाताकडे गेला आणि १९७२ मध्ये त्याने ‘दाइराकुदाकान’ ही बुतोमंडळी स्थापन केली, जी आजही काम करते. तिच्या पहिल्या सदस्यांतला को मुरोबुशी हा वासेदाचा, तर उशिओ आमागात्सूने पुढे १९७५ मध्ये ‘सांकाइ जुकू’ काढली आणि बुतो पॅरिसच्या मोठ्या नाट्यगृहांत नेलं.

म्हणजे बुतोची दुसरी पिढी नृत्यशाळांतून कमी आणि विद्यार्थी नाटकांच्या तालमींतून, बंद पडलेल्या वर्गांतून, अर्धवट राहिलेल्या पदव्यांतून जास्त आली. १९६८-६९ मध्ये विद्यापीठांत अडथळे रचले गेले, तासिका थांबल्या. मेगुरो भागातल्या हिजिकाताच्या स्टुडिओत, ‘आस्बेस्तोस-कान’मध्ये, तेव्हा अशी मुलं येत राहिली. ती तिथेच राहत, एकत्र जेवत. पैसा उभा करायला संध्याकाळी कॅबरेत नाचत. अंगाला सोनेरी भुकटी फासून केलेले हे ‘सोनेरी’ कार्यक्रम त्या काळच्या बुतोमंडळींचा मुख्य आधार होते. रात्री उशिरा परत आल्यावर तालीम सुरू होई. हे वाचताना रोमांचक वाटतं, पण या व्यवस्थेत गुरूची सत्ता अमर्याद होती, झोप आणि पैसा शिष्यांच्या हातात नव्हता. आजच्या गटाने तिथली शिस्त घ्यावी, ती रचना घेऊ नये.

या मुलांबरोबर काम करताना हिजिकातापुढे एक अडचण होती. त्यांना नृत्याची परिभाषा येत नव्हती. पाय असा, हात तसा हे त्यांना सांगून उपयोग नव्हता आणि त्याला स्वतःलाही तसं सांगायचं नव्हतं. त्याने शब्द दिले. बुतोमध्ये या शब्दलेखनाला ‘बुतो-फु’ म्हणतात, नृत्याची लिपी असं म्हणता येईल. मात्र तिच्यात पावलांच्या खुणा नाहीत. जाड वह्यांमध्ये त्याने चित्रं कापून चिकटवली होती, फ्रान्सिस बेकन, गोया, द्युब्युफे, वोल्स अशा चित्रकारांची, आणि त्यांच्या आजूबाजूला स्वतःच्या हाताने शब्द लिहिले होते. बेकनच्या चित्रातला विरघळणारा चेहरा, वोल्सच्या रेषांतल्या बारीक मुळ्या, गोयाच्या भिंतीवरच्या म्हाताऱ्या. तालमीत तो छोटा ढोल वाजवत हे शब्द भराभर बोलत जाई. शिष्य ते शरीरात घेत आणि नंतर वहीत उतरवून ठेवत.

बुतोच्या एका प्रसिद्ध चालीचं उदाहरण घेतो, म्हणजे पद्धत कशी चालते ते कळेल. तळपायाखाली वस्तऱ्याची धार आहे. डोक्यावर काठोकाठ पाण्याने भरलेलं भांडं आहे. डोळे काचेचे आहेत, त्यांना दिसत नाही. कपाळावर मात्र एक डोळा आहे. सांधे कोळ्याच्या धाग्यांनी वरून टांगलेले आहेत. या अवस्थेत पुढे जायचं. यातल्या प्रत्येक शब्दाचं शारीरिक काम ठरलेलं आहे. वस्तऱ्यामुळे पाऊल उचललं जात नाही, सरकतं, आणि वजन अगदी बारकाईने हलवावं लागतं. पाण्यामुळे डोकं एका उंचीवर राहतं, म्हणून गुडघे थोडे वाकलेले ठेवून कंबर स्थिर करावी लागते. काचेच्या डोळ्यांमुळे नजर कुणावर स्थिरावत नाही, त्यामुळे चेहऱ्यावरचा ‘मी बघतोय’ हा भाव पुसला जातो. कोळ्याच्या धाग्यांमुळे हात स्वतःच्या ताकदीने वर राहत नाहीत. हे सगळं एखाद्या नृत्यशिक्षकाने ‘कंबर खाली, मान सरळ, नजर दूर, खांदे सैल’ असंही सांगितलं असतं. तेव्हा मुलांनी चार सूचना पाळल्या असत्या. शब्दांमुळे मात्र एक माणूस चालताना दिसतो, ज्याच्यावर काहीतरी बेतलं आहे.

हाच फरक विद्यार्थी नटाला फार शिकवून जातो. आपल्याकडे एकांकिकेच्या तालमीत संवाद पाठ झाला की त्याला हालचाल ‘दिली’ जाते: या वाक्यावर उठ, त्या वाक्यावर खिडकीकडे जा. बुतो-फुमध्ये शब्द आतून हालचाल निर्माण करतो आणि शेवटी शब्द प्रेक्षकाला ऐकूच जात नाही. तरी तो शब्द चुकला तर हालचाल चुकते. योको आशिकावा या हिजिकाताच्या प्रमुख नर्तिकेने अशा शेकडो प्रतिमा शरीरात साठवल्या होत्या आणि एकीतून दुसरीत ती क्षणार्धात जाऊ शके, म्हातारी, बाहुली, धूर, गाय, पुन्हा म्हातारी. १९७२ च्या शरद ऋतूत शिंजुकूच्या आर्ट थिएटरमध्ये हिजिकाताने सलग २७ रात्री पाच कलाकृतींची मालिका केली. ‘देवीच्या रोगाची कहाणी’ अशा अर्थाचं नाव असलेलं त्यातलं नृत्य चित्रीकरणामुळे आजही बघता येतं. त्यात हिजिकाता स्वतः जमिनीवर बसलेला, जवळपास उठूच न शकणारा रोगी आहे. मला बुतोविषयी कुणाला एकच गोष्ट बघायला सांगायची झाली तर हे सांगेन. उठण्याचा तो प्रयत्न एवढा अचूक आहे की कुठेही हळहळ मागितलेली दिसत नाही.

हिजिकाता १९८६ मध्ये गेला. त्याचे शब्द शिष्यांच्या वह्यांत विखुरले होते. युकिओ वागुरीने आपल्या वह्यांतून ते वर्गवार लावून १९९८ मध्ये ‘बुतो काडेन’ नावाने संगणकाच्या सीडीवर आणले. कायो मिकामी या शिष्येने शरीराला पात्र, म्हणजे भांडं मानून या तंत्राचा अभ्यास मांडला. केइओ विद्यापीठात हिजिकाताचा संग्रह आहे, त्यात त्या चिकटवह्या जपल्या आहेत. केइओच्याच हियोशी परिसरात नव्या विद्यार्थ्यांच्या स्वागताच्या कार्यक्रमात बुतोचे प्रयोग होत आले आहेत. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांना विद्यापीठात पाऊल टाकताच हे दाखवायचं, ही कल्पना मला अतिशय आवडते.

बुतोचा दुसरा आधारस्तंभ काझुओ ओनो. त्याची वाट जवळपास उलट दिशेने जाते. १९०६ मध्ये होक्काइदो बेटावरच्या हाकोदाते इथे जन्म. टोकियोत शारीरिक शिक्षणाचा विद्यार्थी असताना, १९२९ साली, त्याने ‘ला आर्खेंतीना’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या स्पॅनिश नर्तिकेचा, आंतोनिया मेर्सेचा, कार्यक्रम बघितला आणि तो आयुष्यभर त्याच्याबरोबर राहिला. पुढे तो योकोहामात मिशनरी शाळेत कवायतीचा शिक्षक झाला, ख्रिस्ती झाला. मग युद्ध आलं. चीन आणि न्यू गिनीत सैनिक म्हणून त्याची वर्षं गेली, शेवटी युद्धकैद. परतीच्या जहाजावर मेलेल्या सोबत्यांना समुद्रात सोडलं गेलं, ते त्याने डोळ्यांनी पाहिलं. पहिला स्वतंत्र कार्यक्रम त्याने १९४९ मध्ये केला, म्हणजे चाळिशी उलटल्यावर. ‘किनजिकी’मधला तरुण योशितो हा त्याचाच मुलगा.

आणि १९७७ मध्ये, ७१ व्या वर्षी, त्याने ‘ला आर्खेंतीना’ला वाहिलेलं नृत्य केलं. दिग्दर्शन हिजिकाताचं. जुन्या पद्धतीचा झगा, टोपी, रंगवलेले ओठ, सुरकुतलेले हात. म्हातारा पुरुष बाईच्या वेशात असूनही कुणाला हसू येत नाही, कारण तो बाईची नक्कल करत नाही. पन्नास वर्षांपूर्वी एका संध्याकाळी आपल्यात शिरलेल्या माणसाला तो बाहेर येऊ देतो. १९८० मध्ये फ्रान्समधल्या नॅन्सीच्या नाट्यमहोत्सवात हे युरोपने पाहिलं आणि बुतो जगाला माहीत झालं. ओनो नव्वदी ओलांडल्यावरही नाचत होता. पाय गेले तेव्हा खुर्चीत बसून हातांनी नाचला. २०१० मध्ये, १०३ व्या वर्षी, तो वारला.

हिजिकाता प्रतिमा अचूक पकडायला लावी. ओनो त्याच्या योकोहामाच्या स्टुडिओत येणाऱ्यांशी आधी बोलत बसे, आईविषयी, गर्भाविषयी, मेलेल्यांविषयी, आणि मग सांगे की आता नाचा. तिथे कुणालाही येता येत असे. जगभरची विद्यार्थी मुलं येत, सरावानंतर एकत्र चहा होई. योशितोने वडिलांनंतर ते वर्ग चालवले. त्याचा एक सराव माझ्या मते प्रत्येक नाट्यगटाने करावा. हातात एक पातळ कागदी रुमाल घ्यायचा आणि त्याच्याबरोबर चालायचं. रुमाल फाटणार नाही, चुरगळणार नाही, पण मुठीतही यायचा नाही. एवढ्या हलक्या वस्तूचं वजन हाताला कळेपर्यंत चालत राहायचं. किड्यांच्या सरावात सोसायचं असतं, इथे जपायचं. दोन्ही केल्याशिवाय बुतोचं अर्धंच शरीर कळतं.

बुतो म्हणजे हिरोशिमाच्या अणुबॉम्बला दिलेलं उत्तर, असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं आढळतं आणि विद्यार्थी गटांच्या माहितीपत्रकांत तर हमखास. हे सोपं पण चुकीचं आहे. भाजलेले देह, पांढरी राख, वाकडी बोटं अशी साखळी डोळ्यांपुढे पटकन येते, पण हिजिकाताच्या कामाची मुळं आकिताच्या चिखलात, ज्याँ जने आणि आँतोनँ आर्तोच्या लिखाणात आणि जर्मन आधुनिक नृत्यात आहेत. ताकाया एगुचीने जर्मनीत मारी विगमनकडे शिकून हे नृत्य जपानला आणलं. ओनो त्याच्याकडे शिकला आणि हिजिकाताची पहिली शिक्षिका याच परंपरेतली होती. त्यामुळे बुतोला पूर्वेचं प्राचीन गूढ समजणंही तितकंच चुकीचं. युद्धोत्तर टोकियोत, अमेरिकी सत्तेच्या आणि झपाट्याने होणाऱ्या आधुनिकीकरणाच्या छायेत, पुस्तकांची भाषांतरं वाचणाऱ्या माणसांनी ते घडवलं. ओनोच्या नृत्यात युद्ध आहे, पण ते न्यू गिनीच्या जहाजावरचं आहे.

पांढऱ्या रंगाकडे आता यायला हरकत नाही. सुरुवातीच्या प्रयोगांत हिजिकाताने अंगाला प्लॅस्टर लावलं होतं. ते वाळताना कातडी ओढतं, भेगा पडतात, हालचालीला अडवतं. पुढे साधी पांढरी रंगभूषा रूढ झाली. तिचं काम ओळख पुसण्याचं आहे. वर्ण, वय, चेहऱ्याची ठेवण मागे जाते आणि स्नायूंची बारीक थरथरही उजेडात दिसू लागते. म्हणजे रंग काही लपवत नाही, उलट उघडं पाडतो. सराव कच्चा असेल तर पांढरा रंग ते सर्वांत आधी सांगतो. संथपणाचंही तसंच. एक हात पंधरा मिनिटांत वर नेणं यात कौशल्य नाही. हाताला वर जायचं कारण त्या पंधरा मिनिटांतल्या प्रत्येक क्षणी जिवंत ठेवणं, हे कौशल्य आहे. कारण संपलं की संथपणा निव्वळ वेळ खातो. आणि बुतो नेहमी संथ असतं असंही नाही. मारोच्या मंडळीचे प्रयोग भडक, गर्दीचे, कधी पोट धरून हसवणारे असतात. मारो म्हणतो की जन्माला येणं हीच मोठी प्रतिभा आहे. त्याच्याकडे रोजच्या जगण्यातली हातवारे-हावभावांची शिदोरी गोळा करायला शिकवतात: कान खाजवणं, पैसे मोजणं, लाजून तोंड झाकणं. ते शरीरात साच्यासारखे बसवायचे आणि त्यांचा नेहमीचा अर्थ काढून घ्यायचा. नाटकवाल्या मुलांना हा मार्ग बहुधा सर्वांत जवळचा पडेल.

गटाचं काम चालवणाऱ्याने काही गोष्टी तालमीआधी पक्क्या कराव्यात. वाकलेल्या गुडघ्यांवर बराच वेळ राहिलं की मांड्या आणि कंबर दुखावतात, म्हणून शरीर आधी नीट गरम करणं आणि नंतर सैल करणं, दोन्ही सक्तीचं. मान मागे टाकून केलेल्या हालचालींत कुणालाही जबरदस्ती नको. मृत्यू, आजार, आई, गर्भ असे शब्द तरुण मुलांच्या आत खोलवर जातात. कुणाला थांबायचं असेल तर कारण न विचारता थांबू द्यावं आणि सराव संपल्यावर सगळ्यांनी बसून थोडं बोलावं. ओनोकडचा चहा याच कामाचा होता असं मला वाटतं. उंचावरून लटकणं, आग, काच असले प्रकार पूर्ण वर्ज्य. सप्टेंबर १९८५ मध्ये अमेरिकेत सिएटलला ‘सांकाइ जुकू’चे नर्तक एका उंच इमारतीवरून दोरांना उलटे लटकून उतरत होते. योशियुकी ताकादाचा दोर तुटला आणि तो सगळ्यांसमोर कोसळून मरण पावला. अत्यंत अनुभवी मंडळीच्या बाबतीत हे झालं.

शिकण्याच्या जागा पूर्वीपेक्षा खूप आहेत. ‘दाइराकुदाकान’ उन्हाळ्यात नागानो प्रांतातल्या हाकुबाला निवासी शिबिर घेते. तिथे कधीही न नाचलेली माणसं येतात, आणि शेवटी रंग फासून उघड्यावर प्रयोग करतात. भारतात धरमशाळेजवळ एका जपानी शिक्षकाने सुरू केलेली बुतोशाळा आहे. परदेशी विद्यार्थ्यांची तिथे ये-जा असते, आणि महाराष्ट्रातून जाणाऱ्यालाही ती जपानपेक्षा पुष्कळ जवळ.

पण जाणं झालं नाही तरी गटाला स्वतःची वही सुरू करता येते. हिजिकाताने आकिताचा बर्फ आणि चिखल घेतला तो त्याचा होता म्हणून. पुण्याच्या किंवा नांदेडच्या मुलांनी आकिताचा शेतकरी होऊन काही साधणार नाही. आपापल्या शरीरात आधीच असलेले शब्द त्यांनी वहीत लिहावेत: चैत्रात तापलेला पत्रा तळपायाखाली, खांद्यावर पोत्याची सुतळी, विहिरीच्या शेवाळलेल्या पायरीवर टेकलेली टाच, लोकलच्या दारात मागून आलेला दाब, आजीच्या हातांतली दोरी वळण्याची सवय. प्रत्येक शब्दापुढे एखादं चित्र किंवा छायाचित्र चिकटवावं, आणि मग एका वेळी एकच शब्द घेऊन चालावं. तो बसला की दुसरा जोडावा, पहिला न सोडता. तालीम घेणाऱ्याने मध्येच कुणाजवळ तरी जाऊन हळूच विचारावं, आत्ता कोणता शब्द चाललाय? उत्तर लगेच आलं तर पुढचा शब्द द्यावा. मुलगा किंवा मुलगी आठवू लागली, तर त्यांना मागच्या शब्दावर परत न्यावं आणि तिथून पुन्हा चालायला लावावं.